कागदावरचा वाढदिवस

दरवर्षी 1 जूनला माझा मोबाइल सकाळी सहापासून वाजू लागतो. शिक्षकांच्या ग्रुपवर केकची चित्रे येतात, फुलांचे गुच्छ येतात, ज्यांना घाई आहे त्यांच्याकडून नुसते ‘एचबीडी’ येते. मीही हात जोडल्याचे चित्र पाठवत राहतो. त्या दिवशी शुभेच्छा घेणारा मी एकटा नसतो. पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकांत 1 जूनचे वाढदिवसवाले ढिगाने सापडतात. कुठल्याही तालुक्याच्या सरकारी कार्यालयात हीच गंमत दिसेल.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. आईबापांना मुलाची तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. बोटे कानाला टेकली की मूल शाळेच्या वयाचे झाले, आणि दाखल्यावर 1 जून पडला. तीच तारीख पुढे सेवापुस्तकात गेली. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून वयाची 58 वर्षे भरली की 31 मे रोजी राज्यभर एकाच दिवशी शाली, श्रीफळे आणि हार निघतात.

माझा दाखला सांगतो, जन्म 1 जून 1972. अम्मी वेगळे सांगायची. ‘बहात्तरचा दुष्काळ होता. रेशनला लाल मिलो मिळत होता, माणसे खडी फोडायला जात होती आणि रमजानचे शेवटचे रोजे चालू होते. तेव्हा तू झालास.’ त्या वर्षी रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला होता. म्हणजे कागदावर मी चार-पाच महिने आधीच जन्मलो! आमचे महिने चंद्रावर चालतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्यामुळे अम्मीच्या हिशेबातला माझा वाढदिवस कधी थंडीत असतो, कधी भर उन्हात.

हे सगळे शाळेत एकाच व्यक्तीला माहीत होते. ती व्यक्ती ना मुख्याध्यापक होती, ना शेजारच्या वर्गाचे सर. त्या होत्या आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशी.

पिशोर परिसरातल्या एका लहानशा शाळेतली ही गोष्ट. शालेय पोषण आहाराची योजना 1995 साली आली तेव्हा मुलांना कोरडा तांदूळ घरी नेण्यासाठी मिळायचा. पुढे शाळेतच अन्न शिजू लागले आणि गावोगावच्या मावश्या शाळेत आल्या. नियम असा की मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकाने अन्न चाखायचे आणि चव नोंदवहीत सही करायची. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होते. मावशी रोज डावभर खिचडी ताटलीत घेऊन यायच्या, मी दोन घास खायचो, मीठ बरोबर आहे म्हणायचो, सही करायचो.

मग रमजान आला. पहिल्या दिवशी मावशी ताटली घेऊन उभ्या. मी म्हणालो, ‘मावशी, आज रोजा आहे. दुसऱ्या सरांना द्या.’ त्यांनी ताटली खाली ठेवली आणि विचारले, ‘सर, थुंकी बी गिळत न्हाईत म्हनं?’ मला हसू आले. तसे काही नसते हे सांगितले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. पहाटे कितीला उठता? सहरीला भाकरी कोण करते? तुमच्या अम्मी या वयातही रोजे धरतात का? बोलता बोलता दुष्काळाचा विषय निघाला, आणि माझ्या जन्माची खरी कहाणी मी त्यांना सांगून टाकली. पाच-सात मिनिटांचे बोलणे. चुलीवरचे आधण उतू जायला लागले म्हणून त्या उठल्या.

पुढच्या वर्षापासून मला काही सांगावे लागले नाही. आठवडाभर आधी त्या विचारायच्या, ‘सर, चांद कवा दिसनार?’ आणि रमजानभर ताटली आपोआप दुसऱ्या सरांच्या टेबलावर जायची. शेवटचे रोजे आले की माझ्याकडे बघून हळूच म्हणायच्या, ‘वाढदिवस आला की तुमचा!’ सेवापुस्तकाला जे ठाऊक नव्हते ते या बाईला ठाऊक होते, कारण तिने विचारले होते.

आता माझी बाजू सांगतो. एवढ्या वर्षांत मी मावशींना काय विचारले? आज मीठ जास्त झाले का. गॅस आला का. तांदूळ किती उरला. बस्स.

एका एप्रिलमध्ये आमचे एक सहकारी निवृत्त होत होते. त्यांची तारीखही 1 जूनची, पण मेमध्ये शाळेला सुटी, म्हणून निरोप परीक्षा संपता संपताच ठरला. वर्गणी मी गोळा केली. शाल, श्रीफळ, सपत्नीक आहेर, भाषणे, सगळे रीतीप्रमाणे झाले. जेवणही शाळेतच होते. त्या पुऱ्या मावशींनी तळल्या, शेवटी पातेलीही त्यांनीच घासली. जूनमध्ये शाळा उघडली तर चुलीपाशी दुसरी बाई. चौकशी केली तेव्हा कळले, मावशींना गुडघ्यांनी जमेना, त्यांनी काम सोडले. म्हणजे सरांच्या निरोपाच्या पुऱ्या तळल्या तो मावशींच्याही कामाचा शेवटचा दिवस होता. त्या मंडपात हे फक्त त्यांना माहीत होते.

त्यांचे नाव सेवापुस्तकात नव्हते, कारण त्यांना सेवापुस्तकच नव्हते. स्वयंपाकी-मदतनीस म्हणून मानधन मिळते, निवृत्तीची तारीख मिळत नाही. तारीख नाही म्हणून समारंभ नाही. आमचा सगळा आनंद तारखेवर चालतो आणि ज्याची तारीख कागदावर नाही त्याचा आनंदही नाही, दुःखही नाही, अशी आमची रीत पडून गेली आहे. नियमावर खापर फोडणे सोपे आहे. पण एक शाल घ्यायला कुठल्या नियमाने मला अडवले होते?

हे फक्त शाळेचे नाही. बँकेत, पंचायतीत, दवाखान्यात, कारखान्यात हेच चालते. साहेबांच्या मुलीच्या लग्नाला वर्गणी निघते. कंत्राटी सफाई कामगाराचा मुलगा घराण्यातला पहिला पदवीधर होतो, त्याचे पेढे कुणी मागत नाही. वाढदिवस साजरे करायला आपण शिकलो, केक कापायला शिकलो. माणूस कुठून चालत इथवर आला, हे विचारायला मात्र विसरलो. तारीख साजरी करण्याला पैसे लागतात, गोष्ट ऐकायला वेळ लागतो. आपल्याकडे पहिली वस्तू निघते, दुसरी निघत नाही.

महाराष्ट्रात याचा एक जुना नमुना आहे आणि तो शिक्षकांचाच आहे. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या काळात सावित्रीबाई फुले यांच्यासोबत फातिमा शेख यांनी काम केले. फातिमाबींविषयी लेखी पुरावा फार थोडा उरला आहे. जो आहे त्यात एक पत्र आहे. आजारपणामुळे सावित्रीबाई नायगावला माहेरी गेल्या होत्या. तिथून 10 ऑक्टोबर 1856 रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपल्या मागे तिच्यावर त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे ते लिहिणे आहे.

मला हे पत्र दर वेळी थांबवते. ना वाढदिवस, ना सत्कार. स्वतः अंथरुणावर असलेली बाई सोबतिणीच्या वाट्याला आलेल्या कामाचा हिशेब मनात ठेवते, आणि ती तक्रार करणार नाही हेही जाणते. एखादी व्यक्ती कुरकुर करणार नाही हे कळायला तिला जवळून ओळखावे लागते. फातिमाबी आज आपल्याला ठाऊक आहेत त्यात त्या ओळखीचा मोठा वाटा आहे. सहकाऱ्याने लिहून ठेवले म्हणून नाव टिकले.

यावर काही जण म्हणतील, कामाच्या जागी घरच्या गोष्टी कशाला? त्यांचे म्हणणे पोकळ नाही. आज सांगितलेली गोष्ट उद्या चहाच्या टपरीवर पोचते. ज्या बाईंचे पती गेले आहेत त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ग्रुपवर कुणीतरी जुन्या यादीवरून गुलाब टाकतो. ज्यांना मूल नाही त्यांना ‘पेढे कधी?’ विचारले जाते. गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न आडनावाचा, आणि आडनावापाठोपाठ जात येते. मी स्वतः नव्या ठिकाणी रुजू झालो की पहिले सहा महिने घरचे काही बोलत नाही. ऐकणारा कसा आहे हे आधी बघावे लागते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की गोष्ट सांगणाऱ्याची असते. दार त्याने उघडायचे, आपण फक्त दारापाशी थांबायला हवे. मावशींनी मला खोदून विचारले नाही, जे विचारले ते काळजीने विचारले. आणि ऐकलेले त्यांनी वापरले ते कशासाठी? ताटली दुसऱ्या टेबलावर नेण्यासाठी. ऐकलेल्या गोष्टीचा असा उपयोग झाला तर कुणाला सांगायला भीती वाटणार नाही.

करायचे तर फार काही लागत नाही. वर्गणी सक्तीची नको, ती ऐपतीप्रमाणे असावी किंवा नसावीच. जेवढी शाल सरांना, तेवढीच शिपाईमामांना आणि मावशींना. निरोपाच्या दिवशी पाहुण्यांची पाच भाषणे कमी करून ज्याचा निरोप आहे त्याला बोलू द्यावे, आणि त्याला बोलायचे नसेल तर त्याचेही ऐकावे. वर्षातून एकदा कार्यालयातल्या सगळ्यांची नावे लिहून काढावीत, हजेरीपटावर नसलेल्यांचीही. त्यातल्या किती जणांबद्दल आपल्याला पगाराच्या पलीकडे एक तरी गोष्ट माहीत आहे, हे मनाशी तपासावे. मी तपासले तेव्हा मान खाली गेली.

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन प्रसिद्ध आहे. रमजानमध्ये आम्ही ते अनेकदा ऐकतो. उपाशी राहून भुकेची जाणीव होते हे खरे, पण आपल्यासाठी रोज शिजवणाऱ्या हातांची जाणीव व्हायला मला एक अख्खा उन्हाळा उलटावा लागला.

पुढच्या रमजानमध्ये मी मावशींच्या घरी गेलो. दोन सहकारी सोबत होते. शाल नेली, साडी नेली, थोडे खजूर नेले. उशीर झाला म्हणून माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘सांगनार व्हते सर, पर त्या दिवशी समदे घाईत व्हते.’ आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागले. मग पहिल्यांदा मी विचारले आणि त्या बोलत राहिल्या. सासरी आल्या तेव्हाचे घर, मालक गेल्यावरची मजुरी, अद्रकाच्या वावरातले दिवस, नातीचे शिक्षण. त्यांचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, साल त्यांना माहीत नाही. नातीने आधारकार्डावर बघून सांगितले, तिथेही एक तारखच आहे, 1 जानेवारी.

उठताना मावशींनी विचारले, ‘चव कोन घेतं आता?’

मी सांगितले, मीच घेतो, आणि आता रमजानभर दुसरे सर घेतात.

‘नव्या बाईला सांगितलं का तसं?’

‘नाही,’ मी म्हणालो, ‘तिने विचारले.’

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जाणार आहोत. तारीख कुठल्याही कागदावर नाही. चव नोंदवहीच्या मागच्या पानावर मी ती लिहून ठेवली आहे.