नाव नाही म्हणून ओस पडू द्यायची?

१९३४ साली मुंबई सरकारने पुण्याचं डेक्कन कॉलेज बंद केलं. टिळक आणि आगरकर शिकले ते हे कॉलेज. एवढं मोठं नाव असूनही सरकारचा हात अडला नाही. तो अडवला माजी विद्यार्थ्यांनी. ते एकत्र आले, कोर्टात गेले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्यांच्यात आघाडीवर होते. आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. राज्य इंग्रजांचं होतं, माहितीचा अधिकार वगैरे काही नव्हतं, तरी हे घडलं.

आज सरकारी कला-विज्ञान कॉलेज बंद करायला कुणी आदेश काढत बसत नाही. गरजच पडत नाही. प्राध्यापक निवृत्त होतात, जागा रिकामी राहते. तिथे तासिका तत्त्वावर सेट-नेट झालेला एखादा तरुण येतो; मानधन हातात पडायला महिने लागतात आणि वर्ष संपलं की नेमणूकही संपते. प्रयोगशाळेत सहायक नाही म्हणून प्रात्यक्षिकं कशीबशी उरकली जातात. मग त्या विषयाला मुलं येईनाशी होतात, आणि मुलं नाहीत म्हटल्यावर जागा भरायचं कारणही उरत नाही. तोवर गावात बोलणं सुरू झालेलं असतं, ‘त्या कॉलेजला आता काही नाव राहिलं नाही हो.’

मला या नावाबद्दलच बोलायचंय. बारावीचा निकाल लागला की घरोघरी कॉलेजांची प्रतवारी लागते आणि तिचं माप एकच, कट-ऑफ. या मापाने नेमकं काय मोजलं जातं ते पाहायला मुंबईतली दोन कॉलेजं घ्या. काळा घोड्याचं एल्फिन्स्टन आणि जोगेश्वरीच्या टेकडीवरचं इस्माईल युसुफ. दोन्ही सरकारी. दुसरं १९३० सालचं, सर महंमद युसुफ यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. कित्येक दशकं दोन्ही मुंबई विद्यापीठातच होती. अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक, पदवीच्या कागदावर सही एकाच कुलगुरूंची. शिकवणारेही लोकसेवा आयोगातून निवडलेले आणि बदलीच्या नोकरीतले: आज एल्फिन्स्टनला असलेले सर उद्या जोगेश्वरीला, परवा कोल्हापूरला नाहीतर अमरावतीला. बदलीचा आदेश निघाला की सरांचं ज्ञान कमी होतं काय? तरी एका कॉलेजचं नाव घेतलं की समोरच्याच्या भुवया वर जातात आणि दुसऱ्याचं घेतलं की ‘हे कुठे आलं?’ असा प्रश्न येतो. फरक असतो तो दगडी इमारतीचा, चर्चगेटपासूनच्या अंतराचा आणि आठवणींच्या वयाचा.

त्या आठवणी खोट्या नाहीत. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर तिथूनच बी.ए. झाले, पुढे १९१८ साली ते सिडनहॅममध्ये प्राध्यापक होते आणि १९३५ साली गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य. तिन्ही संस्था सरकारी, हे आपण सोयीस्कर विसरतो. होमी भाभांनीही केंब्रिजला जाण्याआधी एल्फिन्स्टन आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या वर्गांत हजेरी लावली होती. त्यांच्याच नावाने २०१९ साली एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज यांचं स्वतंत्र समूह विद्यापीठ झालं. झालं ते चांगलंच. पण नावाजलेल्यांची पंगत वेगळी मांडली गेली आणि जोगेश्वरी तिच्या बाहेर राहिली, हे मला खटकतं.

मुंबईबाहेर तर ही प्रतवारी आणखीच अन्यायाची. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० सालचं. ना. सी. फडके तिथे तत्त्वज्ञान शिकवत होते, माधव ज्यूलियन फारसी. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कॉलेजशिक्षण सुरू केलं ते राजाराममध्ये, आणि १८८४ साली पदवी घेतली ती एल्फिन्स्टनमधून. कोल्हापूरच्या पायरीवर पाय ठेवल्याशिवाय तो मुलगा मुंबईला पोचला असता का, हे ज्याने त्याने ठरवावं. अमरावतीचं विदर्भ महाविद्यालय १९२३ सालचं, तेव्हाचं किंग एडवर्ड कॉलेज. मेळघाटातून, दर्यापुरातून आलेल्या पोराला तिथे ज्या फीमध्ये पदार्थविज्ञान शिकता येतं, त्या फीमध्ये विनाअनुदानित कॉलेज त्याला फाटकाच्या आत घेणार नाही.

देशाच्या एनआयआरएफ क्रमवारीत तर ‘परसेप्शन’ नावाचा वेगळा निकष आहे. कॉलेजांसाठी शंभरातले १० गुण निव्वळ शिक्षणक्षेत्रातल्यांना आणि नोकऱ्या देणाऱ्यांना काय वाटतं याला. म्हणजे आपण चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सहज बोलून जातो, तसल्याच बोलण्याचे आता गुण मांडले जातात. म्हणून पहिली विनंती साधी आहे: जे कॉलेज तुम्ही आत जाऊन पाहिलेलं नाही त्याला नावं ठेवू नका. मुलाला तिथे घालायचं की नाही हे ठरवण्याआधी एकदा तिथल्या ग्रंथालयात तासभर बसा, प्रयोगशाळा बघा, शिकवणाऱ्यांशी बोला. त्यानंतरही दुसरं कॉलेज निवडलंत तर माझी तक्रार नाही.

दुसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. गेट-टुगेदर झाली, फेटे बांधून फोटो झाले, आता कामाला लागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिकांवर किती, हे माहितीच्या अधिकारात विषयवार मागवा. अर्जाची फी दहा रुपये. मिळालेला तक्ता स्थानिक वर्तमानपत्राला द्या. ‘कॉलेजचा दर्जा घसरला’ या मोघम रडण्यापेक्षा ‘रसायनशास्त्रात एवढी पदं रिकामी’ हे वाक्य जास्त बोचतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात महाविद्यालय विकास समिती आहे आणि तिच्या स्थानिक सदस्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे? समितीची बैठक शेवटची कधी झाली? प्राचार्यांना जाऊन विचारा, भांडायला नको, ते बिचारे स्वतःच कारकुनाच्या रिकाम्या जागेचं काम करत बसलेले असतात.

विद्यापीठाच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा असतात. लाखो पदवीधरांतले फारच थोडे नाव नोंदवतात आणि मग ज्यांना सिनेट हा राजकारणाचा आखाडा वाटतो तेच तिथे जाऊन बसतात. नोंदणी सुरू झाली की फॉर्म भरा, घरातल्या सगळ्या पदवीधरांचा भरून घ्या, आणि मत मागायला येणाऱ्याला सरकारी कॉलेजांबद्दल त्याने काय केलं ते विचारा.

राहिला आमदारांचा प्रश्न. दर डिसेंबरला नागपूरच्या अधिवेशनात मोर्चे जिथे अडवले जातात त्या चौकाला अजून मॉरिस कॉलेज टी-पॉइंट म्हणतात. ते मॉरिस म्हणजे १८८५ सालचं कॉलेज, आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था. तिच्या कुंपणापाशी वर्षानुवर्षं सगळ्यांचे मोर्चे येऊन थांबले. सरकारी कॉलेजांचा मोर्चा मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. यंदा अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराकडे रिक्त पदांचा तक्ता घेऊन जा, तारांकित प्रश्न टाकायला सांगा. विनंती लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.