भिंत बंद करण्याआधी

परवा एका मित्राच्या नव्या फ्लॅटचं काम बघायला गेलो होतो. भिंतींना झिऱ्या मारलेल्या, गवंडी प्लास्टरच्या तयारीत. मी विचारलं, "नेटवर्क केबलचा पाइप कुठंय?" मित्र हसला. "अरे, आता सगळं वायफाय. केबल कोण लावतं?"

अगदी हेच वाक्य २०१९ साली आमच्या इलेक्ट्रिशियनने मला ऐकवलं होतं. आणि मी, नेटवर्कवरच पोट भरणारा माणूस, निमूट मान डोलावली होती. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला. राउटर हॉलमध्ये, मी मागच्या बेडरूममध्ये, मध्ये दोन भिंती आणि एक काँक्रीटचा कॉलम. कॉल सारखा गोठायचा. शेवटी पॅसेजमधून उघडी केबल टाकली. एका रात्री पाणी प्यायला उठलेल्या आईचा पाय तिच्यात अडकला. हाड मोडलं नाही हे नशीब, पण खांदा महिनाभर दुखत होता. काय वाचवलं होतं मी? एक पाइप!

तर मंडळी, माझं मत सरळ आहे. भिंत उघडी असताना पाइप टाकाच. केबल पुढे बदलता येते, भिंत पुन्हा फोडायला मन होत नाही. राउटर जिथे बसणार तिथून प्रत्येक खोलीत एक पाइप, वळणं गोलाकार, आत ओढायला नायलॉनची दोरी. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र ही केबल नेऊ नका. तिचा पाइप वेगळा, थोडं अंतर राखून. विजेची लाइन ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

केबल कुठली? १ गिगाबिटसाठी कॅट-५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते. पण नवीन घेतच असाल तर कॅट-६ घ्या, ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट झेपतं. आपल्या टू-बीएचकेत एवढी लांब केबल लागणारही नाही :-) त्यापुढच्या महागड्या प्रकारांच्या नादी लागू नका.

जपायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींत आत अ‍ॅल्युमिनियम असतं, वर फक्त तांब्याचा मुलामा. कॅट-६ च्या मानकात अशी तार बसतच नाही. ती लवकर तुटते, आणि त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली तर जास्त तापते. दुकानातच ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरी चमक दिसली की केबल परत करा. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक तुटली तर बऱ्याचदा वेग गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतो आणि आपण शिव्या घालतो इंटरनेटवाल्याला.

वायफाय वाईट, असं मी म्हणत नाही. मोबाइल त्यावरच चालणार. पण मागच्या खोलीत दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा तर त्याच्यापर्यंत केबल गेलेली असली की वायफायसुद्धा झकास चालतं. म्हणजे केबल वायफायची वैरीण नव्हे, मोठी बहीण आहे.

काल मित्राचा फोन आला. "टाकला रे बाबा पाइप. पण एकच, हॉल ते स्टडी."

असो. आई-बाबांच्या खोलीचं प्लास्टर अजून व्हायचंय. उद्या पुन्हा जाऊन बसतो त्याच्याकडे.