हिरकणी कामाला आली होती

परदेशातले किल्ले आणि जुनी शहरं पाहून आलेल्या बायका आता पुण्यात कमी नाहीत. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी बँकेतली, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेली आई. परतल्यावर त्या दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, तिकडे किल्ल्यात बायकांच्याही जागा दाखवतात. दुसरी, तिकडे बायकांची सोय असते. एडिंबरोच्या किल्ल्यात मेरी राणी १५६६ साली जिथे बाळंत झाली, ती लहानशी खोली आजही लोक पाहतात. लंडनच्या टॉवरमध्ये १५३६ साली ॲन बोलीन राणीचा नवऱ्याच्या हुकमाने शिरच्छेद झाला, हेही सांगतात. अर्थात, तिथेही भाव राणीलाच. तिचे कपडे धुणारीची खोली कोण दाखवतो?

पण मुद्दा आपल्या किल्ल्यांचा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, आणि एक तामिळनाडूतला जिंजी. पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड त्यात आहेत, रायगडही आहे. आनंदाचीच गोष्ट. आता आराखडे होतील, पैसा येईल, फलक लागतील. म्हणूनच विचारायची वेळ हीच आहे: या वारशात बाई कुठे आहे?

रायगडावर गेलात की हिरकणीची गोष्ट ऐकायला मिळतेच. दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि अंधारात उतरलेला कडा. महाराजांनी तिचं कौतुक केलं, तिथे बुरूज बांधला. ही दंतकथा आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या ती एकाच अंगाने सांगितली जाते: आईची माया किती थोर! मैत्रिणींनो, जरा दुसऱ्या बाजूने पाहू. हिरकणी कामाला आली होती. तिच्या दुधावर गड चालत होता. तान्ह्या मुलाला सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं, आणि कामाच्या जागेचे नियम तिला विचारून ठरलेले नव्हते. आज बांधकामावरची, कंपनीतली, धुणंभांड्याला जाणारी बाई रोज याच कड्यावरून उतरते. तिच्यासाठी कुणी बुरूज बांधत नाही. तिला पाळणाघर हवं आहे.

मायेची गोष्ट सांगायला सोपी असते, कर्तृत्वाची जड जाते. याच रायगडाला १६८९ साली मोगलांचा वेढा पडला. संभाजी महाराजांची हत्या झालेली, पदरात लहानगा शाहू. येसूबाईंनी राजारामांना गडाबाहेर पाठवलं आणि स्वतः मागे राहिल्या. पुढे कैद झाली, ती १७१९ पर्यंत. तीस वर्षं! सिंहगडावर राजारामांची समाधी पाहतो, पण १७०० साली तिथे त्यांचा मृत्यू झाल्यावर पंचविशीतल्या ताराबाईंनी पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढा चालवला, हे समाधीपाशी किती जणांना आठवतं?

आता सोयीचं. रायगडावर राणीवशाचे सहा महाल होते. त्यांच्या अवशेषांत प्रत्येक महालाला स्वतंत्र शौचकूप दिसतो. समोरच दासदासींच्या घरांची जोती आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी गड बांधणाऱ्याने निदान राण्यांच्या या गरजेचा विचार केला होता. आज गड चढणारी बाई मात्र सकाळपासून पाणी कमी पिते. पाळीची तारीख मोजून सहलीचा दिवस ठरवते. वस्तीतल्या बचत गटांच्या सहली नेताना मला बायका पहिला प्रश्न विचारतात तो हाच, “ताई, तिथं जायची सोय हाय का?” इतिहासाचे प्रश्न त्यानंतर येतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. त्यामुळे नवरा-मुलांशिवाय आयुष्यात पहिल्यांदाच कुठे निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तिकीट निम्मं झालं, पण पोहोचल्यावर आडोसा शोधावा लागला तर ती सवलत अर्धीच.

आणि डोक्यावर ओझं घेऊन गड चढणारी बाई? सिंहगडावर मडक्यातलं दही, ताक, पिठलं-भाकरी आपण चवीने खातो. विकणाऱ्या बायका पायथ्याच्या आणि घेऱ्यातल्या गावांतून येतात. गडाचा घेरा म्हणजे गडाच्या भोवतीची गावं. त्यांच्या राबण्यावर गड जगले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने किल्ल्यांवरची अतिक्रमणं काढायला जिल्हावार समित्या नेमल्या. तटाला टेकून पक्की बांधकामं करणाऱ्यांना हटवलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण सिमेंटचं हॉटेल आणि पाटीतलं ताक यांना एकाच मापाने मोजणं हा न्याय नव्हे. हिरकणीच्या नावाचा बुरूज जपायचा आणि जिवंत हिरकणीला गडाखाली पाठवायचं, हा कुठला वारसा?

आपल्या गटांनी आता गप्प बसू नये. आराखडे होत असतानाच जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व खात्याकडे लेखी मागण्या द्याव्यात. पायथ्याशी आणि गडावर पाण्यासह स्वच्छतागृहं, आणि ती साफ ठेवणाऱ्या बाईला पुरेसा पगार. ताक-भाकरी विकणाऱ्या गावच्या बायकांना ओळखपत्र आणि ठरलेली जागा. माहितीफलकांवर येसूबाई, ताराबाई, आणि राणीवशासमोर राबणाऱ्या दासीसुद्धा. स्थानिक मुलींना वाटाड्या म्हणून प्रशिक्षण. आराखडा ठरवणाऱ्या समितीत घेऱ्यातल्या बायका, नुसत्या सहीपुरत्या नव्हेत.

आणि मागण्या लिहिण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. एसटीने, आपल्या आपण, गटाने. बाईने काही कारण नसताना, केवळ पाहायला म्हणून घराबाहेर पडणं हीसुद्धा आपल्याकडे अजून मिळवायचीच गोष्ट आहे. हिरकणीच्या गोष्टीत गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले होते. घराचे होतात का, ते तपासून पाहू.