साथीतील भय व आपले कर्तव्य

रोगाची साथ आली म्हणजे तिच्यामागून दुसरी एक साथ येते, ती भयाची. पहिलीची मोजदाद नगरपालिकेच्या दप्तरी होते. दुसरीची कोठेच होत नाही. कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले, आणि आमच्या लोकांनी तो विषय कायमचा मिटला असे मानले. परंतु त्या साथीच्या पहिल्याच वर्षी चिंता व विषण्णता या विकारांचे प्रमाण जगात शेकडा २५ ने वाढले, असे त्याच संघटनेने २०२२ साली सांगितले होते, त्याचा विचार कितीजणांनी केला? पुढची साथ केव्हा येईल हे कोणासच ठाऊक नाही. म्हणूनच भयाचा बंदोबस्त आज केला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणणे शहाण्यांस शोभत नाही.

भय वाटणे हा मुळी दोष नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढील काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. ती सारी भित्री होती काय? रोगाइतकीच त्यांस इस्पितळाची धास्ती होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला, तो या धास्तीपायीच. पुढे १८९७ साली पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या झाल्या, तेव्हा तर प्लेग परवडला पण बंदोबस्त नको, असे लोकांस झाले. सारांश, जेथे सरकार लोकांस विश्वासात घेत नाही तेथे अफवांचे राज्य होते, आणि अफवेवर औषध नाही.

याच्या उलट बाजूही त्याच वर्षी दिसली. हाफकिन यांनी प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेतली. सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यातच प्लेग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. यांस भय ठाऊकच नव्हते असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी भयाच्या हाती कारभार दिला नाही, एवढेच.

सामान्य गृहस्थाने काय करावे? पहिली गोष्ट, बातमी विश्वासाच्या एकाच ठिकाणाहून, दिवसातून एकदोनदा घ्यावी. २०२० साली फोनवर आलेला प्रत्येक मजकूर खरा मानून पुढे धाडणाऱ्यांनी शेजाऱ्यांची झोप उडविली. ती सवय मोडली पाहिजे. दुसरी, दिनक्रम मोडू देऊ नये. दुकान बंद असले तरी उठण्याची व निजण्याची वेळ बंद पडत नाही. व्यापाऱ्याने येणे किती, देणे किती, गुमास्त्याचा पगार किती, हे कागदावर मांडावे व सावकाराशी वेळीच बोलावे. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपण म्हणतो; कागदावर मांडलेली चिंता निदान आकड्यापुरतीच राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, ती म्हणजे बोलणे. पोटदुखीसाठी डॉक्टरकडे उजळ माथ्याने जाणारा गृहस्थ मनाच्या दुखण्यासाठी गंडेदोरे बांधतो, नाहीतर ते दुखणे घरच्यांपासूनही लपवितो. घरातील बाई घाबरली तर तिला गप्प बसविण्यात येते; तरुण मुलगा घाबरला तर त्याची थट्टा होते. ही कसली मर्दुमकी? आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, छाती धडधडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते दुखणेच आहे आणि त्यास वैद्यकी उपचार आहे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सोय केली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत व मराठीतूनही सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर का असू नये?

शेवटी नगरपालिकांस व व्यापारी मंडळांस आमचे सांगणे आहे. साथीचे आकडे, वाईट असले तरी, रोज खरे सांगा. वस्तीत एकटे राहणारे वृद्ध कोण, त्यांच्याकडे रोज डोकावणार कोण, याची यादी आजच करून ठेवा. लोकांस धीर धरा म्हणून सांगणे सोपे आहे. धीर धरण्याजोगी व्यवस्था उभी करणे हेच खरे कर्तव्य होय.