गुंडाळी कोण बदलतं?

संडासातल्या कागदाच्या गुंडाळीचं टोक पुढून सुटावं की मागून, भिंतीच्या बाजूने? अमेरिकन घरांतला हा जुना वाद. हसू नका, मैत्रिणींनो. ॲन लँडर्स यांच्या सल्ल्याच्या सदरात १९८६ साली हा विषय निघाला, तर १५,००० पत्रं आली! पुढूनवाले सेथ व्हीलरच्या १८९१ च्या पेटंटकडे बोट दाखवतात. त्यातल्या चित्रात टोक पुढूनच आहे. मागूनवाले म्हणतात, घरात मांजर किंवा रांगतं मूल असलं की अख्खी गुंडाळी जमिनीवर येते. तेही खरंच. (लँडर्सबाई स्वतः मागूनवाल्या.)

न्यू जर्सीला मावसबहिणीकडे गेले होते तेव्हा भाऊजी जेवताना यावर रंगात येऊन बोलत होते. मी विचारलं, "शेवटची गुंडाळी तुम्ही कधी बदललीत?" ते आठवू लागले. ताई म्हणाली, "रिकामा पुठ्ठा तसाच ठेवतात, आणि नवी गुंडाळी वर टेकवून मोकळे."

संपत आलंय हे ध्यानात ठेवायचं, आणायचं, बसवायचं तिने. मत मात्र दोघांना! माझ्या मते जो बदलेल त्यानेच टोकाचं ठरवावं. ताई मागून लावते.