विश्लेषण : विमानाचे वजन मोजायचे की वेग? ग्लायडर क्लबांसाठी हा प्रश्न कळीचा का?

हौशी वैमानिकांच्या छोट्या विमानांवर अमेरिकेत २००४ पासून असलेली ६०० किलोंची मर्यादा हटवण्यात आली आहे. ‘मोझाइक’ नावाचा हा नियम जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला. युरोपात मात्र ६०० किलोंचीच रेघ कायम आहे. या आकड्याचा सर्वाधिक जाच होतो तो मोटरग्लायडरना आणि ग्लायडर हवेत ओढून नेणाऱ्या विमानांना. तो का, हे समजून घेऊ.

६०० किलोंचा नियम काय होता?

‘लाइट स्पोर्ट’ वर्गातील विमानाचे उड्डाणावेळचे कमाल वजन, म्हणजे विमान, माणसे, इंधन आणि सामान मिळून, ६०० किलोंपेक्षा जास्त नको, अशी अट होती. आसने दोनच. या बदल्यात मोठी सवलत मिळे. वैमानिकाला विमान वाहतूक खात्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची गरज नसे, मोटारीचा वाहन परवाना पुरत असे. हलके विमान सावकाश उतरते, त्यामुळे अपघातात हानी कमी होते, असा त्यामागचा विचार होता.

मग मोटरग्लायडरचे काय बिघडले?

मोटरग्लायडर म्हणजे इंजिन बसवलेले ग्लायडर. ते स्वतःच्या बळावर उडते आणि उंची गाठली की इंजिन बंद करून तरंगू शकते. त्यासाठी लांब पंख लागतात आणि लांब पंख म्हणजे वजन. जर्मन बनावटीच्या ग्रोब १०९बी या दोन आसनी मोटरग्लायडरच्या पंखांचा विस्तार १७.४ मीटर आणि कमाल वजन ८५० किलो. रिकामेच ते सुमारे ६२० किलो भरते. म्हणजे वैमानिक बसण्याआधीच मर्यादा ओलांडली!

पण जड म्हणजे वेगवानच, असे नसते. सेस्ना १५० या प्रसिद्ध प्रशिक्षण विमानाचे कमाल वजन ७२६ किलो, ग्रोबपेक्षा १२४ किलोंनी कमी. तरी पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सेस्नात सुमारे ४९ किलो भार येतो, तर ग्रोबमध्ये ४५. भार जितका कमी, तितक्या कमी वेगात विमान हवेत टिकते. नुसता वजनकाटा हा फरक दाखवत नाही.

ग्लायडर ओढण्याशी वजनाचा संबंध काय?

बिनइंजिनाचे ग्लायडर दोरीने विमानाला बांधून वर नेतात. जगभर शिकवण्यासाठी वापरले जाणारे एएसके २१ हे दोन आसनी ग्लायडर पूर्ण भारासह ६०० किलोंचे असते. तेवढे ओझे घेऊन चढायचे तर ओढणाऱ्या विमानाला दमदार इंजिन आणि भक्कम सांगाडा हवा. दोन्हींनी वजन वाढते. म्हणूनच अनेक क्लब आजही पायपर पॉनी वापरतात. मूळचे पिकांवर फवारणी करणारे हे विमान २३५ अश्वशक्तीचे आणि कमाल १,३१५ किलोंचे. त्याचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबले. जुने विमान आणि अधिक इंधन यांचा खर्च शेवटी शिकणाऱ्याच्या प्रत्येक उड्डाणावर पडतो.

अमेरिकेने काय बदलले?

वजनाऐवजी ‘स्टॉल’ वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, ही कसोटी आणली. २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटना फ्लॅप न वापरता ५९ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १०९ किमी) स्टॉल वेग असलेली विमाने उडवता येतात. विमान निर्मितीचा भाग २४ जुलै २०२६ पासूनचा. त्यात उतरण्याच्या स्थितीत ६१ नॉट ही विमानांसाठीची मर्यादा आहे. जुन्या नियमातही या वर्गातील विमानांना मोबदला घेऊन ग्लायडर ओढण्याची मुभा होती, पण ६०० किलोंच्या आतच. आता त्याहून दणकट विमान बनवण्याची वाट उत्पादकांना मोकळी होते.

म्हणजे सगळा प्रश्न सुटला?

नाही. विमान मिळाले तरी ते चालवणारा हवा. अमेरिकेत ग्लायडर ओढण्यासाठी किमान प्रायव्हेट पायलट परवाना, १०० तासांचा मुख्य वैमानिक म्हणून अनुभव आणि स्वतंत्र प्रशिक्षण लागते. वजनाची अट गेल्याने ही अट सुटत नाही.

युरोपात काय स्थिती?

तिथे अतिहलक्या विमानांना आधी ४५० किलोंची, पॅराशूटसह ४७२.५ किलोंची मर्यादा होती. रिकामे विमान ३०० किलोंचे धरले, तर दोन माणसे आणि इंधन यांना जेमतेम १७२ किलो उरत. २०१८ च्या कायद्याने सदस्य देशांना ६०० किलोंपर्यंतची विमाने स्वतःच्या सोप्या नियमांखाली घेण्याची मुभा दिली. जर्मनीने ती २०१९ पासून वापरली. युरोपीय महासंघातून बाहेर पडलेल्या ब्रिटननेही २०२१ मध्ये हाच आकडा स्वीकारला. पण शायबे फाल्के एसएफ २५सी हे क्लबांचे आवडते मोटरग्लायडर ६५० किलोंचे. अवघ्या ५० किलोंमुळे ते या सोप्या चौकटीबाहेरच राहते.

आपल्याकडे?

हे नियम भारताला लागू नाहीत. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ग्लायडर जमिनीवरील विंचच्या दोरीने वर खेचले जाते. ओढणाऱ्या विमानाचा खर्च त्यात नाही, पण विंचने मिळते ती उंची काही शे मीटरच. त्यापुढे न्यायचे तर विमान किंवा मोटरग्लायडर हवे. तिथे नियमाने वजन मोजायचे की वेग, यावर उड्डाणाचा खर्च ठरतो आणि हा छंद किती जणांच्या आवाक्यात येतो, तेही.