जलपर्णी काढली, पुढे काय?

पवई तलावातून जलपर्णी काढल्याच्या बातम्या मुंबईकरांना नव्या नाहीत. पोकलेन लागते, डंपर भरतात, छायाचित्रे येतात. काही महिन्यांत तलाव पुन्हा हिरवा.

यात आश्चर्य काही नाही. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत राहिला की जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे दहा टक्के मागे राहिली, तर दीड महिन्यात ऐंशी टक्के परत. तिच्याखाली पाण्यातला प्राणवायू घटतो, डासांना आसरा मिळतो. मॅन्सोनिया डासांच्या अळ्या तर तिच्या मुळांना चिकटून तिथूनच श्वास घेतात.

म्हणून हिशेब किती टन काढली याचा नव्हे, किती परत आली याचा हवा. तो ठेवणे आता अवघड नाही. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी तोच भाग टिपतात आणि चित्रे फुकट मिळतात. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, हिरवी पाने ते परत फेकतात. या फरकावरून तरंगती वनस्पती ओळखता येते. चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, जवळजवळ एक गुंठा. तलावाचा जणू सातबाराच!

उपग्रहाला सगळे दिसते असे मात्र नाही. पाण्याखालची झाडे नीट कळत नाहीत, काठावरचे ठिपके फसवतात, शेवाळाचा दाट थर जलपर्णीसारखा भासू शकतो. तेव्हा नावेतून जाऊन खात्री करणारा माणूस लागणारच. पावसाळ्यात ढग आडवे येतात. तेव्हा सेंटिनेल-१ चे रडार कामी येते, पण ती चित्रे वाचायला जाणकार हवा.

खरा उपयोग वेगळाच आहे. सफाईनंतरची चित्रे ओळीने लावली, तर पहिला हिरवा ठिपका कुठे उमटतो ते दिसते. कधी तो वाऱ्याने एका कोपऱ्यात लोटलेला असतो. पण दरवेळी तो एकाच नाल्याच्या तोंडाशी उमटत असेल, तर यंत्रे तलावात उतरवण्याआधी त्या नाल्याचे पाणी तपासायला हवे. महापालिकांनी ही चित्रे संकेतस्थळावर टाकावीत आणि ठेकेदाराच्या बिलाचा काही भाग सफाईनंतर तीन महिने राखून ठेवावा. सांडपाणी अडवणे मात्र ठेकेदाराचे काम नाही. तो जाब महापालिकेलाच द्यावा लागेल.